खांबेटे मादाम आणि चौदा जुलै

मला बारावीला फ्रेंचमध्ये शंभरपैकी एक्क्याण्णव मार्क होते. आज कुणी फ्रेंचमध्ये वेळ विचारली तर मी मुकाट्याने मनगट पुढे करीन. दोष माझा आहेच, पण माझ्या एकटीचा नाही. पुण्यात तेव्हा हुशार म्हणवणारी पोरं अकरावीला मराठीला रामराम ठोकून फ्रेंच घेत, कारण मराठीत पानंच्या पानं भरली तरी तपासणाऱ्याचा हात पासष्टच्या वर जात नसे, आणि फ्रेंचमध्ये पाठ केलेली दोन पत्रं, एक निबंध आणि सोपी भाषांतरं यांवर नव्वद पडत. वाचलेला वेळ फिजिक्स आणि मॅथ्सला. घरचेही खूश असत.

हे नव्वद मार्क आम्हाला मिळवून देणाऱ्या बाई म्हणजे सुमेधा खांबेटे. फ्रेंच शिकवतात म्हणून सगळं कॉलेज त्यांना मादाम म्हणायचं, शिपाईसुद्धा. अठरा वर्षं त्यांनी अकरावी-बारावीला शिकवलं. पोर्शन लवकर संपवून उरलेल्या तासांना त्या फ्रान्सचा इतिहास सांगत. तो परीक्षेला नव्हता, त्यामुळे तो कुणी ऐकत नसे. राजाला खाली खेचलं, माणूस माणसाच्या बरोबरीचा झाला, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. स्वतः मात्र त्या फ्रान्सला कधी गेल्या नव्हत्या. एकदा शिष्यवृत्ती मिळाली होती, पण त्याच वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ते राहूनच गेलं. दरवर्षी चौदा जुलैला, म्हणजे पॅरिसच्या लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग फोडला त्या दिवशी, त्या वर्गात निळे-पांढरे-लाल कागदी झेंडे लावत आणि आमच्याकडून फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणून घेत. आम्ही ते बेंच बडवत म्हणायचो.

दोन हजार एकच्या हिवाळ्यात त्या मला श्रूजबरीच्या इंडियन स्टोअरमध्ये भेटल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात मी दोन वर्षांपासून नोकरी करत होते. तुरीच्या डाळीच्या पोत्याशी एक बाई मफलर, टोपी, दोन स्वेटर अशा अवतारात उभ्या होत्या. मी ओळखलं ते आवाजावरून. मी "मादाम!" असं ओरडले तेव्हा दुकानदारासकट सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आसावरी ना तू? ब्याण्णवची बॅच," त्या म्हणाल्या. "तुझं अक्षर भयंकर होतं."

त्यांचे यजमान राजीव पुण्याला बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते. जुन्या मशीनची भाषा येणारी माणसं इकडे कमी पडली म्हणून त्यांना चव्वेचाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षी व्हिसा मिळाला. मादाम नोकरी सोडून त्यांच्यामागे आल्या, अकरा वर्षांच्या ज्ञानदाला घेऊन. त्यांच्या व्हिसावर त्यांना काम करायची परवानगी नव्हती. गाडी येत नव्हती. शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय या रकान्यात त्यांना 'होममेकर' लिहावं लागलं आणि त्या दिवशी आपण रडलो, हे त्यांनी मला दुसऱ्याच भेटीत सांगून टाकलं. ज्ञानदा सहा महिन्यांत मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. मादाम म्हणायच्या, होईल नीट. फारसा जोर लावून म्हणायच्या नाहीत.

आमच्या गावाला लागून वूस्टर हे जुनं कारखान्यांचं शहर आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कॅनडातल्या क्वेबेकहून हजारो फ्रेंच बोलणारे शेतकरी इथल्या गिरण्यांत आणि बुटांच्या कारखान्यांत कामाला आले. त्यांची चर्चं, शाळा, क्लब असं सगळं फ्रेंच होतं. आता त्यांची नातवंडं-पतवंडं मॉलमध्ये इंग्रजीच बोलतात. हे मला ठाऊक नव्हतं. मादामना ते लायब्ररीतल्या एका जुन्या नकाशावरून कळलं, आणि त्यांनी शोधत शोधत त्या लोकांचा एक क्लब गाठला. खाली बार, वर हॉल, आणि हॉलच्या मागे एक बंद खोली. खोलीत अकराशे फ्रेंच पुस्तकं धूळ खात पडलेली.

क्लबचे अध्यक्ष आर्माँ नावाचे सत्तरीचे गृहस्थ होते. साडीवर कोट घातलेली ही बाई अस्खलित फ्रेंच बोलतेय हे पाहून ते आधी घाबरले आणि मग त्यांनी किल्लीच देऊन टाकली. पगार नाहीच, त्यामुळे व्हिसाचाही प्रश्न नव्हता. दर शनिवारी दहा ते एक वाचनालय आणि फ्रेंचचा वर्ग. त्यांना सोडायला-आणायला आसपास राहणाऱ्या आम्ही पाच जुन्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावल्या, आणि बाकीच्या चौघांना दर शनिवारी काहीतरी निघायचं म्हणून बहुतेक वेळा मीच जायचे.

"सहा दिवस मी राजीवची बायको आणि ज्ञानदाची आई असते," एकदा गाडीत त्या म्हणाल्या. "शनिवारी तीन तास मी मी असते. हे गेलं ना आसावरी, तर मग माझं इथे काही नाही."

खोली मिळाली खरी, पण आतून निघालं ते वेगळंच. ज्या कादंबऱ्यांवर आणि कवितांवर मादामनी जीव टाकला होता त्यांतलं एकही पुस्तक त्या अकराशेंत नव्हतं. पॅरिसच्या गरिबांच्या, बंडखोरांच्या, नवऱ्याला कंटाळलेल्या बायकांच्या त्या गोष्टी पाद्र्यांनी एकेकाळी निषिद्ध ठरवलेल्या, आणि हे वाचनालय चर्चच्या सावलीतलं. इथे होती संतांची चरित्रं, पंचांगं, आणि बापाची जमीन सोडून न जाणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्या. मादाम हिरमुसल्या. मग पदर खोचून त्यांनी यादी करायला घेतली आणि आपली पुस्तकं पुण्याहून मागवून शेजारच्या कप्प्यात लावली. इतका मोठा फरक समोर दिसत असताना त्यांना त्याचा अर्थ कळला नाही. शिकलेल्या माणसाला पुस्तकाबाहेरचं दिसत नाही, असं माझं मत तेव्हापासून झालंय.

नियमाने येणारी एकच बाई होती, ल्युसील. चौऱ्याहत्तर वर्षांची, बुटांच्या कारखान्यात चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेली. ती गप्पा मारायला यायची आणि मादाम तिला सुधारायला बसायच्या. असं नाही म्हणत, तसं म्हणतात. हा शब्द फ्रान्समध्ये दोनशे वर्षांपूर्वीच गेला. ल्युसील हसून म्हणायची, "गेला असेल, माझ्या आईला कुणी कळवलं नाही." आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तोच शब्द वापरायची.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात आर्माँनी सांगितलं की खोली अशी रिकामी ठेवणं कमिटीला जमणार नाही. सप्टेंबरपर्यंत पंचवीस सभासद झाले तर वाचनालय राहील, नाहीतर तिथे पूल खेळायची टेबलं येतील. तेव्हा सभासद होते सहा, आणि त्यांतली तीन नावं आम्हीच घातलेली.

मादामनी ठरवलं, चौदा जुलै साजरा करायचा. त्या दिवशी सोमवार होता, म्हणून शनिवारी, बारा तारखेला. हॉल भरेल, भाषण होईल, गाणं होईल, लोकांना आपलं मूळ आठवेल आणि ते सभासद होतील. फ्रेंच लोकांना फ्रान्सच्या सणाला बोलवायचं, यात चुकण्यासारखं काय आहे?

आता इथे मला माझीच चीड येते. कारण मला दिसत होतं. त्या वर्षी इराकचं युद्ध सुरू झालं, फ्रान्सने साथ द्यायला नकार दिला, आणि इथे फ्रान्सच्या नावाने शिमगा सुरू झाला. हॉटेलांनी फ्रेंच फ्राइजचं नाव बदललं. लोक फ्रेंच वाइन गटारात ओतताना टीव्हीवर दिसत होते. क्लबबाहेरच्या निम्म्या गाड्यांवर पिवळी रिबन होती, म्हणजे घरातलं कुणीतरी लढाईवर. मी ती दर शनिवारी पाहत होते. पण ऑफिसमधून पिचून आल्यावर मादामशी वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं, आणि त्या इतक्या वर्षांनी खूश होत्या. मी म्हटलं, करू या.

आम्ही आठ जण होतो, सगळे त्यांचे जुने विद्यार्थी. परीक्षित बोस्टनहून आला. ज्ञानदाने निळे-पांढरे-लाल झेंडे कापून दिले, आणि "Mom, this is so weird," असंही सांगितलं. प्रतिमाने साबुदाणा वडे केले, कारण फ्रेंच काही कुणाला करता येईना.

चाळीसेक म्हातारेकोतारे आले. इस्त्रीचे शर्ट, काठ्या, सेंटचा वास. मादाम काठापदराची साडी नेसून वीस मिनिटं बोलल्या. नुसत्या फ्रेंचमध्ये, हातात कागद न घेता. मला त्यातलं दर दहावं वाक्य कळलं असेल, पण इतकं सुंदर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तुरुंग फुटला, राजा गेला, पाद्र्यांच्या जमिनी गेल्या, माणूस मोकळा झाला. मग आम्ही आठ जण उभे राहिलो आणि फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हटलं. कॉलेजसारखं, जोरात. शस्त्रं उचला, चाल करा, अशा अर्थाचं ते गाणं. एकही शब्द विसरला नाही, घोकंपट्टीचा हा एक फायदा.

गाणं संपलं आणि कुणीच टाळी वाजवली नाही. पंखा तेवढा फिरत होता. ल्युसीलने टेबलावरचा कागदी झेंडा उचलला, पालथा ठेवला आणि इंग्रजीत म्हणाली, "माझा नातू बगदादला आहे." मग ती पर्स घेऊन चालू लागली. तिच्यामागून आणखी दहा-बारा जण उठले.

आर्माँ जवळ आले. ते चिडलेले नव्हते, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले, "मादाम, हा आमचा सण नाही. आमची माणसं फ्रान्समधून निघाली तेव्हा तिथे राजाच होता. पुढे कॅनडात इंग्रजांनी आम्हाला जिंकलं, तेव्हा फ्रान्सने मागे वळूनही पाहिलं नाही. तुमची ती क्रांती झाली तेव्हा आम्ही बर्फात लाकडं फोडत होतो. आम्हाला सांभाळलं ते पाद्र्यांनी. आमचा सण चोवीस जूनला असतो, संत जॉनचा. तो मागच्या महिन्यात होऊन गेला." आणि जाता जाता, "वडे चांगले होते."

मादाम खुर्चीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. आम्ही झेंडे काढले, टेबलं पुसली. परीक्षितला हसू आवरत नव्हतं म्हणून मी त्याला गाडीत पाठवलं.

"मी त्यांना एकदासुद्धा विचारलं नाही गं," त्या म्हणाल्या. "चोवीस जूनच्या आधीच्या शनिवारी मी त्या खोलीत बसून कॅटलॉग करत होते. खाली त्यांची मिरवणूक निघाली. मी आवाज नको म्हणून खिडकी लावून घेतली."

"मादाम, जाऊ द्या हो." मी म्हटलं. " लोकं पण ओव्हररिॲक्ट करतात."

"नाही. अठरा वर्षं मी फ्रान्स शिकवला. फ्रेंच माणूस समोर आला तर मी त्यालाच शिकवायला बसले."

सप्टेंबरमध्ये खोली गेली. मादामनी विनवणी केली नाही. अकराशे पुस्तकांची यादी पूर्ण करून त्यांनी ती टाइप केली, दोन प्रती काढल्या आणि किल्ली परत दिली. काही पुस्तकं एका कॉलेजने नेली, बाकीची रद्दीत गेली. ल्युसील जुलैनंतर परत आली नव्हती. मादाम एकदा तिच्या दारापर्यंत जाऊन आल्या. पिवळी रिबन दाराच्या कडीला बांधलेली पाहून बेल न वाजवताच वळल्या.

पुढची तीन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. राजीवची कंपनी दोनदा विकली गेली. ग्रीन कार्डचे कागद कुठल्यातरी ऑफिसात पडून होते. मादामनी फ्रेंचचं नाव टाकलं. मराठी मंडळाच्या गणपतीत त्या भाजी चिरायला बसत आणि कुणी "बाँजूर मादाम" म्हणून गंमत केली तर हसल्यासारखं करत. कधी घरी गेले तर टीव्ही चालू आणि त्या त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या. मीही थकले होते. माझं लग्न होऊन मोडलं होतं, त्याची गोष्ट वेगळी. आम्ही दोघी तासन्‌तास चहा पीत बसायचो आणि फारसं बोलायचो नाही.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात त्यांना एक फोन आला. डेनिस नावाचा माणूस, ल्युसीलचा मुलगा. आईला झटका आला होता. ती वाचली, पण इंग्रजी गेलं. सत्तर वर्षं बोललेली भाषा पार पुसली गेली आणि लहानपणचं फ्रेंच तेवढं उरलं. नर्सिंग होममध्ये कुणाला ती काय म्हणते ते कळेना. डेनिसला आणि त्याच्या बहिणीला फ्रेंच येत नव्हतं, कारण शाळेत पोरं चिडवतात म्हणून आईबापांनीच घरात इंग्रजी सुरू केलं होतं. दुभाष्या बोलावला तर तो पॅरिसकडचा निघाला आणि ल्युसीलने त्याला दादच दिली नाही. आर्माँ आता स्वतः घराबाहेर पडत नव्हते; त्यांनी मादामचा नंबर दिला.

मी त्यांना घेऊन गेले. वाटेत त्या सारख्या म्हणत होत्या, मला बघून ती तोंड फिरवेल. ल्युसीलने तोंड फिरवलं नाही. तिने ओळखलंच नाही. ती बोलायला लागली आणि मादाम खुर्ची ओढून ऐकत बसल्या. ते सगळे कालबाह्य शब्द, जे त्यांनी तिला बोलू दिले नव्हते, आता त्या तेच वापरून उत्तरं देत होत्या. पाणी हवंय, उशी उंच आहे, पायाला कळ येते, त्या जाड नर्सचे हात गार आहेत. पंधरा दिवस कुणाला न कळलेलं सगळं वीस मिनिटांत कळलं.

मग शनिवार पुन्हा सुरू झाले. कधी बुधवारही. पगार अर्थातच नाही, आणि मादामनी तो विषयही काढला नाही. डेनिस पन्नाशीचा, हीटिंग दुरुस्त करणारा, धिप्पाड माणूस. तो पलंगाच्या पायथ्याशी टोपी हातात घेऊन उभा राहायचा आणि आई बोलली की मादामकडे बघायचा.

डिसेंबरातल्या एका दुपारी ल्युसील फार बेचैन होती. बाहेर बर्फ पडत होतं. डेनिसने तिचा हात धरला होता आणि तो म्हणत होता, "It's me, Mom. It's Denis." तिने हात सोडवून घेतला आणि मादामकडे वळून भरभर काहीतरी म्हणाली, दोनदा, तीनदा. मला एक अक्षर कळलं नाही. एक्क्याण्णव मार्क!

"काय म्हणते?" डेनिसने विचारलं.

मादामनी ल्युसीलच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "ती विचारतेय, तू जेवलास का."

तो एवढा मोठा माणूस, त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "सँडविच खाल्लं म्हणावं," तो म्हणाला. "सांगा तिला, पोटभर खाल्लं." आणि डोळे पुसायला तो खिडकीकडे गेला.

परतताना रस्ता निसरडा होता, मी गाडी हळू चालवत होते.

"मी आज खोटं भाषांतर केलं," मादाम म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा."

"म्हणजे? काय म्हणत होत्या त्या?"

"म्हणत होती, हा माणूस कोण आहे? हा माझ्याशी परक्या भाषेत का बोलतो? याला बाहेर काढा आणि माझ्या मुलांना बोलवा. त्यांच्याशी बोलेन मी, त्यांना माझं सगळं कळतं."

वायपर फिरत होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या फार थकलेल्या दिसत होत्या, पण रडत नव्हत्या.

"ज्ञानदा आता सोळाची झाली. परवा मी तिला काहीतरी सांगत होते, तर म्हणाली, Aai, just say it in English, it's faster. मी सांगितलं इंग्रजीत." सिग्नल सुटला. "तू माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहेस, आसावरी. माझं असं झालं तर तुलाच बोलावतील."

"मादाम, असलं काहीतरी बोलू नका. प्लीज."

"ऐक तर. बोलावतील, आणि तू जाशील. तिच्यासमोर मी काहीही बोलले, तिला ओळखलं नाही, तिला हाकलून दिलं, तरी तू तिला खरं सांगू नकोस. तिला सांग, आई विचारतेय, जेवलीस का."